शुक्रवारी न दुखणारं डोकं

अफिफाचं डोकं दुखायला लागून दोन महिने होत आले होते, आणि एवढ्या काळात जव्हारच्या कल्हईवाल्यांच्या घरात जितकी तोंडं तितकी कारणं निघाली होती. तिचा बाप वसीम म्हणे, पोरगी चहात बुडवलेल्या पावावर शाळेत जाते, पोटात अन्न नाही म्हणून दुखतं. धाकटा चाचा नवेद म्हणे, मास्तरांना घाबरते. शेजारणींनी नजर उतरवली. मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीला लागला, डोकं तसंच राहिलं. दवाखान्यात डोळे तपासले, ते लख्ख निघाले. जंताच्या गोळ्या झाल्या, पाणी उकळून झालं. वेण्या घट्ट असतील म्हणून आईने, रुकसानाने, त्या सैल घातल्या, तर बाईंनी विस्कटलेल्या केसांवरून लेकीला वर्गासमोर उभं केलं, आणि त्या दिवशीही डोकं दुखलंच. शेवटी डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस बघू, नाहीतर ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. ते ऐकल्यापासून रुकसानाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

या घराला आपल्या अकलेचा फार अभिमान, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच फुकटचा नव्हता. तांब्यापितळेला कल्हई करणारे तालुक्यात आणखीही होऊन गेले, पण कथलात शिसं न मिसळणारं घर म्हणून लोक याच घराचं नाव घेत. इदरीसमियांच्या हातच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली तरी कळकत नसे, आणि हे ते स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला तीनतीनदा सांगत. चौथ्यांदा सांगायला अफिफा होती. चौथीतली ही नात आजोबांच्या उजव्या हाताला, भट्टीपासून दोन हातांवर, कथलाच्या रिकाम्या पेटीवर बसून अभ्यास करायची. ती जागा या घरात कुणाला मिळाली नव्हती, इदरीसच्या पोटच्या पोरांनाही नाही. भांडी घेऊन आलेल्या बायकांसमोर म्हातारा तिच्याकडून एकोणीसचा पाढा म्हणवून घ्यायचा, आणि पाढा संपेपर्यंत भात्याला हात लावायचा नाही.

यंदा शाळेने स्कॉलरशिपच्या परीक्षेला तिचं नाव घातलं, त्याच सुमाराला डोकेदुखी सुरू झाली. इदरीसने दोनावर दोन मांडून चार केले. पुस्तकांनी पोरीचं डोकं शिणतंय. पोरगी राहिली तर शाळा, पोरगीच नाही तर शाळा कशाला? शाळेतून नाव काढायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. तरी एवढा मोठा निर्णय एकट्याने नको म्हणून त्याने भिवंडीला मोठ्या लेकीकडे, अंजुमकडे, निरोप धाडला. अंजुम आली म्हणजे नुसती पाहुणी येत नसे, निकाल येत असे. शुक्रवारी सकाळच्या एसटीने ती उतरली तेव्हा अफिफा नुकतीच दप्तर घेऊन शाळेला गेली होती.

शुक्रवारी भट्टी बंद. म्हणून जामसरची तानी त्याच दिवशी कोळशाची गोणी टाकायला येई. यंदा पावसाळ्यात ती पहिल्यांदाच आली होती आणि नवा कारखाना तिने पाहिला नव्हता. पूर्वी घराच्या मागे पत्र्याची शेड होती, तिलाच हे लोक कारखाना म्हणत. सात वर्षं सौदीत राबून परतलेल्या नवेदने मे महिन्यात ती पाडून तिथे विटांची खोली उभी केली होती. वर स्लॅब, समोर लोखंडी दार, रस्त्याच्या बाजूला काचेची मोठी पक्की खिडकी. आळीतले लोक मुद्दाम बघायला आले होते. अब्बांनी आयुष्यभर गळक्या पत्र्याखाली भाता हलवला, आता थेंब पडणार नाही, असं नवेद प्रत्येकाला सांगायचा, आणि सांगताना भिंतीवर तळहात ठेवायचा.

तानीने गोणी उतरवली आणि कमरेवर हात ठेवून ती चारी बाजूंना बघत राहिली.

"भाबी, झकास झालाय. पन याला नाक कुठाय?"

"नाक कसलं गं?" रुकसाना दारातून म्हणाली.

"वारा येयाला-जायाला. पत्र्याचा व्हता तवा त्याला धा भोका व्हती. आमचा घर कुडाचा. चूल पेटली का कुडातनंच जातो धूर. यो तर डबा झाला."

"धूर कुठे असतो फारसा? नवसागर टाकला की पांढरा उठतो तेवढाच. कोळसा एकदा लाल झाला की धूरच नाही."

"तवाच तं इपरीत." तानी उंबऱ्यावर टेकली. "आमी गेलतो ना वीटभट्टीवर, दोन सालामागं. थंडी लय. खोलीत घमेल्यात निखारं घेतला न् दार लावला. धूर काय नाय. सकाळला समद्यांचा डोका फुटाया लागला. माझे भयनीची पोर बुधी तं वकलीच. मुकादम आला, लय शिव्या दिल्या. बोलला, निखारं घरात नि दार लावलेला, मरायचाय काय?"

रुकसाना तशीच आत वळली. स्वयंपाकघरात जाऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. जुलैपासून ज्या ज्या दिवशी लेकीचं डोकं दुखलं त्या तारखेवर ती पेन्सिलीने टिंब देत आली होती, डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणून. शुक्रवार सगळे कोरे होते. ते तिला आधीच दिसलं होतं, पण शुक्रवारी घरात गोश्त शिजतं, पोरगी पोटभर जेवते, म्हणून असेल, असं ती धरून चालली होती. आता तिने रविवार पाहिले. रविवारी शाळा नसते. रविवारांवर टिंबं होती, काहींवर तर दोनदोन. मग मागच्या आठवड्यातले मंगळवार-बुधवार पाहिले. ते दोन्ही कोरे. त्या दोन दिवसांत कोळसा संपला होता आणि नवेद मोखाड्याहून गोण्या आणेपर्यंत भट्टी पेटली नव्हती.

तिने सगळ्या तारखा पुन्हा एकदा तपासल्या. मग तिला स्वतःचाच असा काही अभिमान वाटला की कॅलेंडर छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. ठाण्याच्या डॉक्टरांची गरज नव्हती. पण पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की हे सांगायचं कुणाला आहे. एकाने जन्मभराच्या कमाईची भिंत बांधली होती, आणि दुसऱ्याने त्या भिंतीआड आपल्या लाडक्या नातीला मानाची जागा दिली होती.

जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली, आणि सगळे बैठकीच्या खोलीत बसले. इदरीस भिंतीला टेकून, त्याच्या बाजूला अंजुम, समोर दोघे भाऊ. रुकसाना दाराच्या चौकटीत, जिथे या घरातल्या सुना बसत आल्या होत्या.

"शाळा बंद करू," अंजुमने सरळच सुरुवात केली. घुमवून बोलणं तिला जमत नसे. "पोरगी जिवाला मुकेल. घरी कुराण पढेल, शिलाई शिकेल. मी भिवंडीहून मशीन पाठवते. काय वाईट आहे?"

"मास्तर म्हणतात, ती जिल्ह्यात येईल," वसीम चाचरत म्हणाला. बायकोच्या बाजूने बोलायचं की बापाच्या, हे त्याचं लग्नापासून ठरायचं राहून गेलं होतं.

"जिल्ह्यात येऊन डोकं धरून बसेल."

"आपा," रुकसाना म्हणाली, "मी काही दाखवू?"

ती उठून खोलीच्या मधोमध आली आणि तिने कॅलेंडर सतरंजीवर पसरलं. सुना इतक्या आत येत नसत. वसीमने बापाकडे पाहिलं. बाप कॅलेंडरकडे पाहत होता.

"ही टिंबं डोकेदुखीची. शाळेमुळे दुखत असेल तर रविवारी कसं दुखतं? आणि शुक्रवारी शाळा असते, तर शुक्रवारी का दुखत नाही?"

अंजुम पुढे वाकली. तिला वाचता येत होतं, पाचवीपर्यंत ती शिकली होती. नवेद पोटात असताना अम्मीने अंथरूण धरलं आणि याच खोलीत, याच सतरंजीच्या जागी, अंजुमची शाळा बंद करायचं ठरलं होतं. घरात कुणीतरी हवं होतं. तिने कधी तक्रार केली नाही. उलट, माझ्यामुळे घर उभं राहिलं, असं ती भिवंडीत अभिमानाने सांगायची, आणि ते खरंच होतं. पण आज पेन्सिलीच्या टिंबांवरून बोट फिरवताना तिच्या मनात आलं की त्या वेळी अम्मीच्या जागी उठून असा कागद मांडणारं कुणी असतं तर? तिला त्या विचाराचा राग आला, आणि मग रागाचाच राग आला.

"शुक्रवारी आणखी काय नसतं?" तिने विचारलं. आवाज बदलला होता.

"भट्टी," रुकसाना म्हणाली.

नवेदने मान वर केली.

"मंगळवार-बुधवार बघा. त्या दिवशी कोळसा नव्हता. तेही कोरे. पोरगी संध्याकाळी भट्टीजवळ बसते. पाऊस आत येतो म्हणून दार लावलेलं असतं. खिडकी उघडत नाही. जळत्या कोळशाची हवा आतच राहते, ती डोळ्यांना दिसत नाही. तानीच्या लोकांना वीटभट्टीवर असंच झालं होतं. मुकादमाने सांगितलं त्यांना."

"तानीच्या लोकांना!" नवेद ताडकन म्हणाला. "भाभी, आमच्या कल्हईत खोट आहे असं म्हणायचंय का तुला?"

"कल्हईत नाही, नवेदभाई. भिंतीत आहे."

हे तिला म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. नवेदचा चेहरा पडला. सौदीत पन्नास डिग्रीत तो छपरावर काम करायचा आणि प्रत्येक विटेगणिक डोळ्यांसमोर ही खोली बांधायचा. पत्र्याखाली भिजलेले अब्बा आठवून त्याने एक फटही ठेवली नव्हती. गवंड्याने झरोका ठेवू का विचारलं तेव्हा यानेच नको म्हटलं होतं. पावसाची तिरीप येईल, तापलेल्या भांड्यावर थेंब पडला तर कल्हई फुटते, हे कल्हईवाल्याच्या पोराला कुणी शिकवायला नको. तो चुकला होता तो कामचुकारपणाने नव्हे, जास्तीच्या काळजीने, आणि हेच त्याला सहन होत नव्हतं.

"मग एक सांग," तो म्हणाला. "ती बसते तासदोन तास. अब्बा बसतात सकाळपासून. त्यांचं का दुखत नाही? दादाही असतो आत."

"मी जास्त बाहेरच असतो," वसीम म्हणाला. "भांडी आणायला, पोचवायला." मग जरा थांबून म्हणाला, "पण आत बसलो की जड होतं. मला वाटायचं, चहाची तलफ आहे."

"तू गप रे. अब्बांचं सांगा. अब्बांचं डोकं कधी दुखलंय?"

सगळ्यांनी इदरीसकडे पाहिलं. हा प्रश्न विचारण्याचीही गरज नव्हती. चाळीस वर्षं भट्टीपुढे बसलो, डोकं म्हणून कधी दुखलं नाही, हे वाक्य जव्हारच्या निम्म्या गावाला पाठ होतं. आजारी माणसाला भेटायला गेला तरी इदरीस ते सांगून यायचा, आणि आजारी माणूस आणखी खचायचा.

इदरीस कॅलेंडरकडे बघत राहिला. जूनपासून रोज दुपारी कानशिलांवरून कुणीतरी तार आवळत नेल्यासारखं त्याला व्हायचं. टोपीखाली ओला रुमाल ठेवायचा, लेकांना वाटायचं उकडतंय. दुपार कलताना असरच्या नमाजेला मशिदीत गेला की अंगणात पाय ठेवताच हलकं वाटायला लागायचं, आणि तो मनोमन अल्लाचे आभार मानायचा. अल्लाची मेहेरबानी होतीच, पण अंगणातल्या मोकळ्या हवेचाही त्यात हात होता, हे त्याला आत्ता, या बसल्या बैठकीला कळत होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बासष्ट वर्षांच्या माणसाने डोकं दुखतं म्हणायचं म्हणजे पुढे भाता कुणाच्या हातात द्यायचा, हे दुसऱ्याच दिवशी ठरलं असतं.

आत्ताही गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. नवेदची भिंत राहिली असती, चाळीस वर्षांचं वाक्य राहिलं असतं. पोरीची शाळा तेवढी गेली असती, आणि पोरगी शाळा बंद झाल्यावर दिवसभरच त्या पेटीवर बसली असती.

"दुखतं," तो म्हणाला.

कुणालाच नीट ऐकू आलं नाही असं वाटून तो पुन्हा मोठ्याने म्हणाला, "माझं डोकं दुखतं. भट्टी पेटली की रोज दुखतं. शुक्रवारी नाही दुखत." मग तो नवेदकडे वळला. "तुझी भिंत उभी राहिल्यापासून. तुझी चूक नाही, बेटा. मी बोललो नाही, ती माझी चूक. मी बोललो असतो तर त्या लेकराचे दोन महिने गेले नसते."

अंजुमने पदर डोळ्यांना लावला. अब्बांच्या तोंडून चूक हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. तिने कॅलेंडर उचललं, घडी घातली आणि रुकसानाच्या हातात दिलं.

"शाळेतून नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "मी मशीन पाठवणार नाही. दिवा पाठवते, अभ्यासाचा. आणि तू त्या दारात बसत जाऊ नकोस, इथे बस माझ्याजवळ."

इदरीसने मान हलवली. म्हणजे ठरलं.

"गवंड्याला उद्या बोलावतो," वसीम म्हणाला.

"गवंडी नको." नवेद उठला होता. सदऱ्याच्या बाह्या तो वर सारत होता, जुम्याचा पांढरा सदरा होता, तो काढायचंही त्याला सुचलं नाही. "भिंत माझी आहे. मीच फोडणार."

पाच वाजता अफिफा शाळेतून आली तेव्हा मागच्या अंगणात विटांचा ढीग होता आणि चाचा डोक्यापासून पायापर्यंत तांबडा झाला होता. काचेची खिडकी चौकटीसकट निघाली होती. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना छताखालून मोठाले झरोके पडले होते आणि तानी खाली उभी राहून सांगत होती, "अजून, अजून, तिकडला पन काढ!" तिची गाडी कधीच निघून गेली होती; डब्याला नाक फुटताना बघितल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती. वसीम वर छज्ज्यासाठी पत्रा मोजत होता, झरोक्यातून पाऊस येऊ नये म्हणून. नवेदने घणाचा शेवटचा घाव घातला आणि हातातलं सोडून आपल्याच लेकरासारखं पुतणीला उचललं.

"चाचा, शाळेचं दप्तर खराब होईल!"

"होऊ दे. शाळेचंच आहे ना? आपल्याला आता पुष्कळ दप्तरं लागणार आहेत."

पेटीची जागा मात्र बदलली. भट्टीजवळ नाही, अंगणाच्या ओट्यावर, जिथून आजोबा दिसतात आणि कोळसा लागत नाही. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी रुकसाना पेन्सिल हातात घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहिली आणि टिंब न देताच परत गेली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कॅलेंडर दोनदा उलटसुलट पाहिलं, आणि ठाण्याची चिठ्ठी लिहिली नाही.

गणपती दोन दिवसांवर आले होते. अंगणात भांड्यांची रीघ लागली होती, आणि उघड्या कारखान्यातून वारा असा वाहत होता की भात्यालाही कमी श्रम पडत होते. पोशेऱ्याहून आलेली गोजाबाई तांब्याचा हंडा घेऊन बसली होती. तिचाही नातू कपाळ धरून बसतो, असं ती सांगत होती. इदरीसने तिला विचारलं, कधी दुखतं, कुठल्या दिवशी, जेवला होता का, कुठे बसला होता, आणि इतकं विचारलं की गोजाबाई गोंधळून गेली.

"तुमचे पोरीला कंच्या डाक्टरनी बरा केला, चाचा? ठान्याच्या का?"

इदरीसने तापलेल्या हंड्यावरून कापसाचा बोळा शेवटचा फिरवला, हंडा चांदीसारखा उजळला, आणि त्याने तो बाजूला ठेवला. गिऱ्हाइकांनी भरलेल्या अंगणात त्याने आजवर कधीही केलं नव्हतं ते केलं. त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली.

"रुकसाना! बाहेर ये, बेटी. बाई डॉक्टरला भेटायला आल्यात."

पिठाचे हात पुसायलाही न थांबता रुकसाना अंगणात आली, आणि बसलेल्या बायकांनी सरकून तिला जागा करून दिली.